चासी कंपनीची, बॉडी मिस्त्रीची

आपल्यापैकी बरेच जण शनिवारी घरी पळतात. कल्याण-बदलापूर रस्त्यावरून जाताना तुम्ही हे दृश्य नक्की पाहिलं असेल. एक ट्रक येतो, पण तो ट्रक नसतोच. पुढे इंजिन, खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, सहा चाकं आणि एक स्टिअरिंग. ना काच, ना दार, ना टप. ड्रायव्हर तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांवर गॉगल लावून उघड्या सीटवर बसलेला. आईशप्पथ, लहानपणी मला वाटायचं की ह्या ट्रकचे कपडे कोणीतरी चोरून नेलेत!

तेव्हा मामाने सांगितलं होतं, "अगं, ती नुसती चासी आहे. बॉडी बांधायला चाललीये."

"बॉडी बांधायला" हे दोन शब्द म्हणजे ह्या लेखाचा सगळा विषय. मराठी विभागाच्या संपादकांनी मला "जुन्या गाड्यांवर काहीतरी लिही" असं सांगितलं, तेव्हा मी खरं तर घाबरले. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंधात मला दहापैकी साडेचार मिळायचे आणि तो अर्धा मार्क बाईंच्या दयेचा असायचा. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. गाडीच्या बाबतीत चूक सापडली तर मात्र जरूर येऊन भांडा!

कोचबिल्ट म्हणजे काय?

आज आपण शोरूममध्ये जातो, रंग निवडतो, चावी घेतो. इंजिनपासून सीटकव्हरपर्यंत सगळं एकाच कंपनीच्या नावाने येतं. पण साधारण १९४० पर्यंत भारी गाड्यांचं तसं नव्हतं. रोल्स-रॉइससारखी कंपनी बहुतेक वेळा फक्त चासी विकायची. चासी म्हणजे फ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, चाकं, रेडिएटर, आणि फार तर बोनेट. मग गिऱ्हाईक ती चासी दुसऱ्या कारखान्यात पाठवायचं. तिथे त्याच्या मापाने, त्याच्या हौसेने बॉडी बांधली जायची. म्हणजे कापड एका दुकानातून घ्यायचं आणि शिवायला टेलरकडे टाकायचं, तसंच.

हे टेलर मुळात बग्ग्या बांधणारे होते. बग्गी म्हणजे कोच, म्हणून ते कोचबिल्डर. लंडनची बार्कर ही पेढी १७१० पासून आणि हूपर १८०५ पासून घोड्यांच्या गाड्या बांधत होती. घोडा जाऊन इंजिन आलं, पण कारागीर तेच राहिले. लाकूड तेच, हातोडी तीच. बदलापूरकरांनी ह्यावर कॉलर ताठ करायला हरकत नाही. आपल्याकडे घोडे बदलायचे म्हणून गावाला बदलापूर नाव पडलं असं सांगतात. मोटारींच्या जगाने पण तेच केलं, घोडे बदलले आणि गाडी पुढे काढली.

हे फार परकं वाटत असेल तर आपली लाल एसटी डोळ्यासमोर आणा. चासी टाटा किंवा अशोक लेलँडची, पण तिच्यावरची बॉडी वर्षानुवर्षं महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बांधली. म्हणजे एका अर्थाने आपण सगळे कोचबिल्ट गाडीतून फिरलोय. फक्त मागच्या सीटवर बसून आणि खिडकीच्या काचेचा खडखडाट ऐकत!

कोल्हापूरची मेबॅक

मामाचं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये छोटं गॅरेज आहे. तो डेंटर आहे. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणं, गरज पडली तर कापून नवीन बसवणं, हे त्याचं काम. मामीचं माहेर कोल्हापूरचं. गेल्या दसऱ्याला सगळ्यांबरोबर मी पण कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. मामी माहेरपणाला चालली होती आणि मामा, त्याच्याच शब्दात, "गाडी बघायला".

ती गाडी म्हणजे छत्रपती घराण्याची मेबॅक. दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात शाही सीमोल्लंघन होतं. अंबाबाईची आणि तुळजाभवानीची पालखी येते, शमीपूजन होतं, तोफेची सलामी होते आणि मग आपट्याचं सोनं लुटायला जी झुंबड उडते ती विचारू नका. ह्या सोहळ्याला छत्रपती घराण्यातली मंडळी न्यू पॅलेसवरून येतात ती ह्या मेबॅकमधून. १९३० च्या दशकातली ही गाडी. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर राजाराम महाराज होते, राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव. त्यांची कारकीर्द १९२२ ते १९४०.

आजूबाजूची पोरं मोबाईल वर करून उभी होती. लांबलचक बोनेट, मागे दुमडलेलं हूड, बसलेली माणसं सगळ्यांना दिसतील अशी उघडी गाडी. मिरवणुकीसाठी उघडीच गाडी हवी, कारण राजाने लोकांना बघायचं असतं आणि लोकांनी राजाला. मामा मात्र माणसांकडे बघतच नव्हता. मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून तो मडगार्डकडे बघत होता. मी विचारलं काय बघतोयस? म्हणाला, "रिफ्लेक्शन. बघ, दिव्याची रेघ पुढून मागे जाते, मधे कुठे तुटत नाही. कुठे थरथरत पण नाही. हा पत्रा हाताने ठोकलाय गं."

मेबॅकची गोष्ट आपल्यासारख्या मेकॅनिकलवाल्यांनी तर वाचलीच पाहिजे. विल्हेल्म मेबॅक हा डाइमलरचा साथीदार. १९०१ सालची पहिली मर्सिडीज त्याच्या डिझाइनची. पुढे त्याचा मुलगा कार्ल आणि तो, ह्या दोघांनी १९०९ मध्ये कंपनी काढली ती मोटारींसाठी नव्हे, तर झेपेलिन नावाच्या महाकाय हवाई जहाजांची इंजिनं बनवायला. पहिलं महायुद्ध जर्मनी हरली. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने विमानांची इंजिनं बनवायला बंदी आली. कारखाना आहे, कारागीर आहेत, पण काम नाही. मग १९२१ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार काढली. कंपनीचा भर चासी आणि इंजिनावर. बहुतेक गाड्यांची बॉडी रावेन्सबुर्ग गावातल्या हेर्मान श्पोनच्या कारखान्यात बांधली जायची. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत साधारण १८०० गाड्या झाल्या. लक्षात घ्या, वीस वर्षांत १८००! आज एखादा मोठा कारखाना एका दिवसात एवढ्या गाड्या बाहेर काढतो.

१९३६ च्या सुमाराचं त्यांचं एसडब्ल्यू ३८ हे मॉडेल म्हणजे ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, १४० हॉर्सपॉवर. एसडब्ल्यू म्हणजे जर्मन भाषेत स्विंग ॲक्सल. दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणार. युद्धात हीच कंपनी रणगाड्यांची इंजिनं बनवायला लागली आणि मोटारी बंद पडल्या त्या पडल्याच. तिचाच पुढचा वारस म्हणजे एमटीयू ही कंपनी. आपल्या अर्जुन रणगाड्याचं इंजिन एमटीयूचं आहे. म्हणजे दसरा चौकातली मेबॅक आणि राजपथावरच्या परेडमध्ये दिसलेला अर्जुन हे एकमेकांचे लांबचे भाऊबंद झाले!

होळकरांची ड्युसेनबर्ग

कोल्हापूरची गाडी घरी राहिली. दुसरी एक गाडी मराठी घराण्याचीच, पण ती परदेशी गेली. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांनी अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची एसजे चासी मागवली. ड्युसेनबर्गच्या जे मालिकेतल्या सगळ्या मिळून पाचशेच्या आतच गाड्या निघाल्या. त्यातल्या सुपरचार्जरवाल्या एसजे तर चाळीससुद्धा नाहीत.

इंजिन ऐका. एका ओळीत आठ सिलिंडर, ६.९ लिटर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. सुपरचार्जरसकट कंपनीचा दावा होता ३२० हॉर्सपॉवरचा. हे १९३० च्या दशकात! आपल्या आयसी इंजिनच्या पुस्तकात हे सगळं "मॉडर्न ट्रेंड्स"च्या धड्यात आहे.

चासी बनली अमेरिकेत, इंडियानापोलिसला. तिथून बोटीने लंडनला. तिथे गर्नी नटिंग ह्या कोचबिल्डरने तिच्यावर उघडी दोन सीटची स्पीडस्टर बॉडी बांधली. रंग भगवा आणि काळा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जवळजवळ तेरा फूट, आणि एवढ्या लांब गाडीत बसणार माणसं दोन! आपल्या हॉस्टेलच्या रूमची लांबी मोजा आणि विचार करा, कारण आपण तेवढ्यात तिघी राहतो. इंजिन अमेरिकेचं, पत्रा इंग्लंडचा आणि मालक इंदूरचा. संस्थानं गेल्यावर ही गाडी अमेरिकेतल्या संग्राहकांकडे गेली आणि आज जगातल्या नावाजलेल्या गाड्यांत तिची गणना होते. तशा अनेक गाड्या गेल्या.

बॉडी बांधतात कशी?

आता इंजिनिअरिंगकडे येऊ. पहिली पायरी म्हणजे लाकडाचा सांगाडा. मोटारीत लाकूड ऐकून हसू नका. युरोपात ह्यासाठी ॲश नावाचं झाड वापरायचे. त्याचं लाकूड धक्के सोसतं, वाफ दिली की वाकतं आणि स्क्रू घट्ट धरतं. क्रिकेटच्या बॅटला विलो तसं मोटारीला ॲश. ह्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडाचा पत्रा चढवायचा.

पत्रा सपाट आणि मडगार्ड गोल. मग गोलाई आणायची कशी? पोळी लाटताना नवशिक्या मुलीची पोळी कडेला जाड राहते आणि मधे पातळ होते, मग ती मधे फुगून वाटीसारखी दिसते. (माझी अजूनही दिसते.) अगदी तेच. पत्रा मधे ताणला की मधलं क्षेत्रफळ वाढतं, कडा तेवढीच राहते, म्हणून तो घुमटासारखा उठतो. आधी वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायचा. मग इंग्लिश व्हील नावाच्या यंत्रात, वरचं सपाट आणि खालचं किंचित गोल अशा दोन चाकांमधून पुढेमागे फिरवून हातोडीच्या खुणा घालवायच्या.

ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. हे आपलं वर्क हार्डनिंग. आणखी ठोकला तर फाटतो. म्हणून मधेच तापवून मऊ करायचा, म्हणजे ॲनिलिंग. इथे एक मोठी अडचण आहे. लोखंड तापलं की लाल होतं, कळतं. ॲल्युमिनियम तापल्यावर रंग बदलतच नाही. आत्ता चांदीसारखं दिसतंय म्हणता म्हणता ६६० अंशांना वितळून खाली पडतं. मग जुने कारागीर थर्मामीटरशिवाय काय करायचे? पत्र्यावर साबणाची वडी घासायचे! खालून ज्योत फिरवायची. साबण आधी पिवळा, मग तपकिरी आणि मग काळा पडला की समजायचं, साधारण ३५० ते ४०० अंश झाले, आता ज्योत बाजूला. मटेरिअल सायन्सच्या व्हायवामध्ये हे सांगून बघा, सर खुश होतील.

हे सगळं हाताने आणि डोळ्याने होत असल्यामुळे एक गंमत व्हायची. एकाच कारखान्यातल्या, एकाच डिझाइनच्या दोन गाड्यांची दारं एकमेकांना बसायची नाहीत. इतकंच काय, एकाच गाडीचं डावं आणि उजवं मडगार्ड मोजलं तर थोडा फरक निघायचा. आपल्या चेहऱ्यात असतो ना, तसा. इंटरचेंजेबिलिटी हा मास प्रॉडक्शनचा देव, पण ह्या देवळात त्याची मूर्ती नाही.

टप नसण्याची किंमत

आता सगळ्यात महत्त्वाचं. कन्व्हर्टिबल म्हणजे "टप कापला की झाली" असं वाटतं. तसं अजिबात नाही. हे समजायला लॅब नको, बुटाचा रिकामा खोका पुरे. झाकण लावून, चिकटपट्टीने बंद करून खोका दोन्ही टोकांना धरून पिळा. पिळवटत नाही. आता झाकण काढा आणि पिळा. फडक्यासारखा पिळवटतो.

एसओएमवाल्यांसाठी हिशोब. एक पातळ पाइप घ्या, त्रिज्या ५० मिमी, जाडी २ मिमी. तो जसाच्या तसा पिळायचा आणि मग त्याला लांबीभर एक चीर पाडून पिळायचा. दोन्हींच्या पिळाविरुद्धच्या कडकपणाचं (स्टिफनेसचं) गुणोत्तर येतं ३ × (त्रिज्या ÷ जाडी)². म्हणजे ३ × २५ × २५, म्हणजे १८७५. नुसती एक चीर पाडली, धातू जराही कमी केला नाही, आणि पाइप १८७५ पट लवचीक झाला! मी हे उत्तर तीनदा तपासलं.

बंद मोटार म्हणजे बंद खोका. टप काढला की तो उघडा खोका. खड्ड्यात एक चाक गेलं की सगळी गाडी पिळवटते, काच थरथरते, दारं कुरकुरतात. पण मेबॅक किंवा ड्युसेनबर्गमध्ये बॉडीवर मुख्य भार नव्हताच. तो खालच्या जाड फ्रेमवर होता. बॉडी वर फक्त बसवलेली. फ्रेमला पीळ बसू नये म्हणून मधे इंग्रजी एक्सच्या आकाराचा आडवा भाग घालायचे. म्हणून त्या काळात एकाच चासीवर बंद गाडी पण बांधता यायची आणि उघडी पण. मालकाची मर्जी.

नंतरच्या गाड्या मोनोकॉक झाल्या. म्हणजे वेगळी फ्रेम नाही, बॉडी हीच फ्रेम. टप, खांब, फरशी, सगळं मिळून भार घेतं. १९२२ सालची लॅन्शिया लॅम्ब्डा आणि १९३४ सालची सिट्रोएन ट्रॅक्शन अवाँ ह्या त्या रस्त्यावरच्या सुरुवातीच्या गाड्या. आपली कुर्ल्याला बनलेली प्रीमिअर पद्मिनी पण मोनोकॉकच. आणि इथे मामाची फजिती सांगायलाच हवी. (त्याची परवानगी घेतली आहे.)

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी वरातीच्या गाड्या भाड्याने देणारा एक माणूस मामाकडे जुनी पद्मिनी घेऊन आला. टप काप, नवरा-नवरीची उघडी गाडी कर. मामाने दोन दिवसांत टप कापला, कडा घासून गोल केल्या, पांढरा रंग मारला. गाडी काय दिसत होती म्हणे! वरातीच्या दिवशी पुढे ड्रायव्हर आणि नवऱ्याचे काका, मागे नवरा-नवरी आणि मधे हट्टाने घुसलेली करवली. एवढे बसले आणि मागची दारं उघडेनात. ओढली, लाथ मारली, उघडेनात. शेवटी नवरदेव फेट्यासकट दारावरून उडी मारून उतरला.

झालं काय होतं? मोनोकॉक गाडी म्हणजे एक बीम. टप हा वरचा फ्लँज, फरशी हा खालचा. वरचा फ्लँज कापला, बीमची खोली निम्म्यावर आली, मोमेंट ऑफ इनर्शिया धाडकन पडला. माणसं बसल्यावर गाडी मधे वाकली. दाराच्या चौकटीचं वरचं अंतर कमी झालं आणि दार चिमटीत सापडलं. मामाला हे शब्द माहीत नव्हते. पण दुसऱ्या दिवशी त्याने गाडी मधोमध जॅकवर उचलली, दारं मोकळी झाली तेव्हा थांबला, आणि दोन्ही दारांखाली लांबच्या लांब सी-चॅनल वेल्ड केले. मोठ्या कंपन्या कन्व्हर्टिबल करताना दाराखालचा भाग जाड करतात ते ह्याच कारणासाठी. बिनटपाची गाडी टपाच्या गाडीपेक्षा सहसा जड असते ती म्हणूनच! मात्र, मित्रांनो, हे घरी करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परस्पर असे बदल करता येत नाहीत. मामाने पण परत कधी टप कापला नाही.

हे सगळं संपलं का?

बॉडी हीच फ्रेम झाल्यावर कोचबिल्डरला चासी देणार कोण? मोठमोठे प्रेस आले. एका ठोक्यात अख्खं दार. डायचा खर्च अफाट, पण लाखभर दारं काढली की एका दाराला काहीच नाही. इकडे गिऱ्हाईकं पण गेली. १९४८ मध्ये इंदूर मध्य भारतात आणि मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. राजवाड्यांच्या गॅरेजमधल्या किती गाड्या भंगारात गेल्या आणि किती बोटीत चढल्या ह्याचा हिशोब कोणी ठेवला?

जे उरलं त्यासाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपातली गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते आणि तिच्या नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. गाडीला कागद मिळाला हे चांगलंच झालं. पण ती ठोकून सरळ करणाऱ्या हाताला कुठलीच नोंदणी नाही.

मामाचं गॅरेज ह्या दिवाळीनंतर कदाचित बंद होईल. बंपर प्लॅस्टिकचे झाले, ते ठोकायचे नसतात, बदलायचे असतात. दार चेपलं तरी विम्याच्या पैशात नवीन दार येतं. हाताखालचा मुलगा डिलिव्हरीच्या कामाला गेला, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मामाच्या पाठीला हातोडी आता झेपत नाही.

एक कबुली देते आणि थांबते. नववीत असताना माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या पप्पांची गाडी मामाच्या गॅरेजमध्ये आली होती. ती पण बरोबर होती. मी तिथेच स्टुलावर बसून वडापाव खात होते. तिने इंग्लिशमध्ये विचारलं, तू इथे कशी? मी म्हटलं, आमची गाडी दुरुस्तीला आलीये. आमच्याकडे गाडी नव्हती. मामाला इंग्लिश येत नाही, पण त्याला कळलं असणार, कारण त्यानंतर शाळेतलं कोणी आलं की तो मला हळूच म्हणायचा, "जा, आत जाऊन बस."

दसरा चौकात मडगार्डवरची ती न तुटणारी रेघ बघताना मला ते आठवलं. श्पोनच्या कारखान्यातले लोक कोण होते? डेंटरच होते. लंडनमध्ये होळकरांच्या गाडीचा पत्रा ठोकणारा कोण होता? त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. गाडीवर नाव लागतं ते इंजिनवाल्याचं, फार तर कोचबिल्डरचं आणि राजाचं. आणि आपण त्या गाड्या बघायला चार तास उभे राहतो.

परत आल्यावर मी मामाला १८७५ चा हिशोब समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पाइपला चीर पाडू नये, एवढंच ना?" मग त्याने मला ॲल्युमिनियमचा तुकडा, साबण आणि गॅसची ज्योत दिली. पहिल्या वेळी मी भोक पाडलं. दुसऱ्या वेळी पण. तिसऱ्या वेळी साबण काळा पडायला लागताच त्याने नुसतं "हं" म्हटलं आणि मी ज्योत काढली. पत्रा गार झाल्यावर हाताने वाकवून बघितला. कापडासारखा मऊ!

वर्कशॉपच्या सरांना एक नम्र विनंती. फर्स्ट इयरला आपण शीट मेटलचा तोच एक ट्रे करतो, सबमिशन झालं की तो हॉस्टेलवर साबणदाणी म्हणून वापरतो. ह्या वर्षी एक दिवस, फक्त एक दिवस, आपल्या भागातल्या एखाद्या डेंटरला वर्कशॉपमध्ये बोलवावं. उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात असे हात अजून आहेत. अजून किती वर्षं असतील सांगता येत नाही. त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि पत्रा द्यावा. पुढचं ते बघून घेतील.

मामाला मी विचारलंय. तो म्हणाला, "कॉलेजात? मी काय सांगणार तिथे?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर तो जुन्या डॉल्या आणि हातोड्या रॉकेलने पुसून, ओळीने मांडून बसला होता.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी